राहिलेल्यांचा दिवस

जंतनाशक दिन सोमवारी झाला. शाळेत झाला.
बाकावर बसणाऱ्यांचा झाला.
आज राहिलेल्यांचा दिवस,
आणि माझ्या छापील यादीत राहिलेले अकराच.
ते अकरा सकाळी नळावरच सापडले.

मग स्कूटी खेडगाव शिवारात घातली, पिशवी पायाशी घट्ट.
नाशिकच्या गोदामातून दिंडोरीला, दिंडोरीहून उपकेंद्रात,
तिथून दोन रात्री माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर
असा फिरत आलेला एक पांढरा डबा.
आतली गोळी चहापेक्षा स्वस्त, म्हणतात.
सकाळचा माझा चहा उधारीचा होता,
त्यामुळे हिशोब नीट लागला नाही.

बाग तोडणीला आलेली.
घडाघडाला कागद, मण्याला मापाची कडी,
अठरा मिलिमीटर भरला तरच क्रेटमध्ये जागा.
प्लॉटला नंबर, क्रेटला नंबर, कंटेनरला नंबर;
तिकडे परदेशात कुणाच्या जिभेला काही लागलं
तर बोट थेट ह्या ओळीपर्यंत येतं.
आणि बांधाखाली, निळ्या ताडपत्रीच्या सात खोपटांत
चौतीस पोरं,
कुठल्याच कागदावर नाहीत.
सुरगाण्याहून आईबापांबरोबर छाटणीला आली,
विरळणीला राहिली, तोडणी उरकली की जातील.
अनवाणी.

भागी थविल म्हणाली, माझं पोर चांगलं हाय.
दुखलंखुपलं तर नेईन की दवाखान्यात.
चांगल्या पोराला गोळी कशाला?
मला शिकवलेलं सगळं मी बोलून घेतलं:
अंडी, माती, नखं, रक्त कमी, वर्गात झोप.
ती मान हलवत राहिली,
मुकादमापुढे हलवते तशीच.
तेवढ्यात पलीकडे कुणाच्या तरी उशिराच्या बागेत
ब्लोअर सुरू झाला, पांढरा धूर ओळीवरनं ओळीवर,
आणि मी विचारलं,
भागीबाई, एका वेलीला भुरी आली
तर त्या एकाच वेलीला मारता का औषध?
ती हसली. "एकीला मारून काय व्हतंय?
एक सोडली की परत सगळी बाग पांढरी."
बोलली, आणि थांबली.
पोराकडे बघितलं. नाकाखालचं पदरानं पुसलं.
"जेवलाय तो," म्हणाली. "दे."

मग एकेक. चाव, नुसती गिळू नको, चाव.
बारक्यांना अर्धी, दोन चमच्यांत चिरडून, पाण्याबरोबर.
सोमीला ताप होता. तिला नाही.
तिच्या नावाभोवती गोल केला, परवा येते म्हटलं.
जिवल्यानं वेलीआड जाऊन थुंकली. मी पाहिलं.
मी पाहिलं हे त्यानंही पाहिलं,
दुसरी चावून खाल्ली आणि जीभ पार हनुवटीपर्यंत काढून दाखवली.
हिशोबात एक गोळी जास्त गेली.
लिहीन, उंदरानं नेली.

गोळी जंत पाडेल.
चप्पल देणार नाही. बांधापलीकडे संडास बांधणार नाही.
माती हीच राहील,
म्हणून तर सहा महिन्यांनी पुन्हा.
ठाऊक आहे मला. कुणी तोंडावर म्हटलं तर भांडत नाही.
तरी काही महिने ताटातला घास
खाणाऱ्याच्याच अंगी लागेल,
आणि चार वर्षांच्या पोराला काही महिने म्हणजे
केवढे!

निघताना जिवल्या परत आला, बोट चाटत.
"दुसरी गोड लागली. अजून एक दे."
सहा महिन्यांनी, म्हटलं. ऑगस्टात.
"तवा आमी नसतो इथं. तवा नागली लावतो."

छापील नमुन्यात ह्याला रकाना नाही.
मी रजिस्टर उलटं केलं,
पाठच्या पानावर पट्टीशिवाय रेघा मारल्या:
नाव, आईचं नाव, खोपटांना मीच दिलेले नंबर,
आणि शेवटचा रकाना, उंबरठाणच्या आशाताईचा फोन.
तो अजून मिळालेला नाही.
चौतीस नावांपुढे चौतीस रिकाम्या जागा,
पेन्सिलनं.